ब्रेक मारला की पायाखाली खटखट: एबीएसचा कोणता आवाज सोसायचा, कोणता शोधायचा

नेरजवळच्या एका कास्तकार भावाचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे २०१९ची छोटी पेट्रोल कार आहे, ६८ हजार किलोमीटर चाललेली. गावच्या मुरमाच्या रस्त्यावर जरा जोरात ब्रेक मारला की पेडलखाली खटखटखट होतं, मागोमाग घर्र आणि पाय झिणझिणतो. यंदाच्या पावसाळ्यानंतर डांबरी रस्त्यावरही गाडी अगदी थांबता थांबता टकटक करते. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा फ्यूज काढा, आवाज खलास. दुसरा म्हणाला, अख्खं युनिट बदला, चाळीस हजार लागतील. "भाऊ, आवाज त बंद झाला पायजे, बाकी काई नाई," एवढंच त्यांचं म्हणणं.

आधी फ्यूजचं बोलतो. काढला असेल तर आजच परत लावा. फ्यूज काढल्यावर साधा ब्रेक लागत राहतो, म्हणून लोकांना वाटतं काही बिघडलं नाही. पण आताच्या गाड्यांत मागच्या चाकांना किती दाब जाऊ द्यायचा हे ठरवणारा वेगळा यांत्रिक व्हॉल्व्ह बहुधा नसतोच. ते कामही याच युनिटकडे असतं. फ्यूज गेला की तेही गेलं. मग ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी शेपटाकडून फिरते. आवाज बंद करायला ही किंमत फार झाली.

आता तुमचा आवाज. तुम्ही एक म्हणून लिहिलाय, पण ते दोन आहेत. मुरमावरचा आवाज एबीएस काम करतंय त्याचा आहे. थांबता थांबता होणारा मात्र दुखण्याचा आहे. दोन्ही त्याच व्हॉल्व्हमधून निघतात म्हणून कानाला सारखे वाटतात.

एप्रिल २०१९पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं, म्हणून स्वस्तातल्या स्वस्त मॉडेललाही ते आलं. त्याआधी आपल्याकडच्या बहुतेकांनी हा आवाज ऐकलेलाच नव्हता. परदेशात तो जुना आहे, १९७८मध्ये बॉशने मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक एबीएस आणलं तेव्हापासूनचा. माझ्याकडे पहिल्यांदा अशी गाडी आली तेव्हा मीही चाकाजवळचा, ब्रेकचे पॅड दाबणारा कॅलिपर खोलून बसलो होतो, हे कबूल करतो.

बॉनेट उघडून बघा. मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे ब्रेक पेडल ज्यातलं ऑइल दाबतं त्या नळकांड्यातून, निघालेले दोन बारीक पाइप एका ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात जातात आणि त्यातून चार पाइप चार चाकांकडे निघतात. ठोकळ्याला एका बाजूला मोटार, दुसऱ्या बाजूला काळी प्लास्टिकची पेटी, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर. हेच ते युनिट. आत दर चाकामागे दोन व्हॉल्व्ह असतात. एक एरवी उघडा, त्यातून तुमच्या पायाचा दाब चाकाकडे जातो. दुसरा एरवी बंद. चाक अडकायला लागलं की पहिला बंद होतो, म्हणजे नवा दाब जायचा थांबतो. तरी चाक सुटलं नाही तर दुसरा उघडतो आणि चाकाकडचं थोडं ऑइल बाजूच्या छोट्या कप्प्यात सोडतो. तिथून पंप ते उचलून परत मास्टर सिलिंडरकडे ढकलतो. चाक फिरायला लागलं की पहिला पुन्हा उघडतो. हे सगळं सेकंदाला पाच-दहा वेळा, चारही चाकांचं वेगवेगळं. खटखट व्हॉल्व्हची, घर्र पंपाची, आणि पायाला बसणारा धक्का त्या परत येणाऱ्या ऑइलचा.

व्हॉल्व्हचा आतला दांडा सरकतो तो मिलिमीटरच्या काही दशांश भागाएवढा. एवढ्याशा हालचालीचा इतका आवाज कसा, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. कळलं ते वावरात. आमच्या विहिरीवरून वरच्या तुकड्यापर्यंत लांब पाइपलाइन आहे. लाइन गेली की मोटार बंद पडते, वर चढलेलं पाणी मागे फिरतं, रिटर्न व्हॉल्व्ह आपटतो आणि धाड आवाज होतो. विहिरीच्या काठावर बसलेल्या माणसाच्या बुडाखालचा दगड हलतो. व्हॉल्व्हची चकती किती, तर तळहाताएवढी. आवाज चकती आपटल्याचा थोडा आणि वाहतं पाणी एकदम अडवल्याचा जास्त. एकदा मजुराच्या पोराने पाणी चालू असताना बॉल व्हॉल्व्ह झटक्यात फिरवला, तर वीस फूट लांबचा पाइप जमिनीवरून उचलला गेला. तोच व्हॉल्व्ह हळूहळू बंद केला असता तर काहीच झालं नसतं.

याचा हिशेब जुना आहे. निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांवर प्रयोग करून तो १८९८च्या सुमारास मांडला. द्रवाची घनता, त्यातून आवाज जाण्याचा वेग आणि अडवलेल्या प्रवाहाचा वेग यांचा गुणाकार म्हणजे दाबाची उसळी. कडक धातूच्या पाइपात सेकंदाला १ मीटर वेगाने चाललेलं ब्रेक ऑइल झटकन अडवलं तर ढोबळमानाने १५ बार दाब एका क्षणात वाढतो. गाडीच्या टायरमधली हवा दोन-सव्वादोन बारची असते, त्यावरून अंदाज करा. ही उसळी लाट होऊन पाइपातून मास्टर सिलिंडरकडे जाते. मास्टर सिलिंडर पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला आणि बूस्टर इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याला बोल्टने आवळलेला. तो पत्रा म्हणजे मोठा ढोल, आणि तुम्ही ढोलाच्या आत बसलेले.

कारखान्यात हा आवाज कमी करायचे जे उपाय निघाले, ते सगळे "व्हॉल्व्ह हळू बंद कर" याच धर्तीचे आहेत. जुन्या पद्धतीत व्हॉल्व्हचा दांडा ओढणाऱ्या कॉइलला करंट एक तर पूर्ण दिलेला किंवा पूर्ण काढलेला. व्हॉल्व्ह आपटून बंद, आपटून उघडा. आताच्या युनिटमध्ये करंट सेकंदाला काही हजार वेळा चालू-बंद करतात. तो इतका भरभर होतो की कॉइलला सरासरी करंटच जाणवतो, आणि ती सरासरी हवी तशी कमी-जास्त करता येते. मग एरवी उघडा असणारा तो पहिला व्हॉल्व्ह पूर्ण बंद आणि पूर्ण उघडा यांच्या मध्ये तरंगत ठेवता येतो. एका बाजूने ऑइलचा दाब, एका बाजूने कॉइलची ओढ, दोघांचा तोल साधलेला. दाब पायऱ्यापायऱ्यांनी न वाढता उतारावरून चढल्यासारखा वाढतो. लाट लहान उठते, खटखट कमी होते आणि वर ब्रेकही नेमका लागतो. पंपाच्या मोटारीचंही तसंच, गरजेपुरतीच फिरवतात. शिवाय पंपाच्या तोंडाशी छोटा कप्पा आणि बारीक छिद्र देतात, म्हणजे धक्के तिथेच विरतात. महागड्या युनिटमध्ये दोनाऐवजी सहा पिस्टनचा पंप असतो, त्याची घर्र कमी. काही नव्या गाड्यांत, विशेषतः इलेक्ट्रिकमध्ये, पेडल आणि चाकं यांच्यातला ऑइलचा थेट संबंधच एरवी तोडलेला असतो. तिथे पायाला धक्का जवळजवळ लागत नाही.

पण भाऊ, यातलं काहीही गॅरेजमध्ये होत नाही. व्हॉल्व्ह खोलायचा नसतो, त्यातला प्रोग्रॅम आपल्या हातात नसतो. युनिट बदललं तरी त्याच जातीचं नवं बसणार, त्याच सुरात वाजणार. म्हणून चाळीस हजारांचा सल्ला या कामासाठी बिनकामाचा आहे. आपल्या हातात आहे तो आवाजाचा रस्ता, म्हणजे ठोकळ्यापासून तुमच्या कानापर्यंतचा. खेड्यातल्या गाड्यांत तो रस्ता फार वेळा बिघडलेला सापडतो.

हे मी ठोकर खाऊन शिकलो. चार-पाच वर्षांपूर्वी दारव्ह्याकडची एक गाडी आली. रात्री रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली, समोरचा भाग चेपला, बाहेर एके ठिकाणी डेंटिंग-पेंटिंग झालं. त्यानंतर एबीएस लागलं की केबिनमध्ये असा दणका की मालकाची बायको गाडीत बसेना. माझा पोऱ्या शेजारी बसून आला, म्हणाला, "बाबा, खालून कोनी हातोडी मारून रायलं जनू." मी गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावला, दोषाचा एकही कोड नाही. ऑइल बदललं, हवा काढली, फरक शून्य. तिसऱ्या दिवशी मीच मालकाला म्हणून बसलो की युनिट गेलं वाटतं. त्यांनी पैसे जमवायला चार दिवस मागितले, तेवढ्यात माझी अब्रू वाचली.

झालं असं की दुसऱ्याच कामासाठी एअर फिल्टरचा डबा काढला आणि टॉर्च खाली पडला. उजेड ठोकळ्याच्या खालच्या बाजूला गेला. ठोकळा ब्रॅकेटवर तीन रबरी बुशांवर बसतो. तिथे एकच बुश होतं, बाकी दोन ठिकाणी नुसते बोल्ट आवळलेले, धातूला धातू. आणि मास्टर सिलिंडरकडून येणाऱ्या पाइपाला कंपनीने दिलेलं वेटोळं कोणीतरी सरळ करून टाकलं होतं. पाइप जेमतेम पावणेपाच मिलिमीटर जाडीचा. पत्र्याच्या कडेला टेकला होता तिथे रंग उडून गव्हाच्या दाण्याएवढी चकाकी आली होती. नखाने चाचपली तर खाच लागली. आवाजाचं जाऊ द्या, ती खाच आणखी वर्षभर घासली असती तर पाइप फुटून अर्धा ब्रेक गेला असता.

नवा पाइप मागवला, वेटोळ्यासकट. तिन्ही बुश नवीन. पत्र्यापासून बोटभर अंतर, क्लिप जागच्या जागी. पांदण रस्त्यावर नेऊन ब्रेक मारला तर दणक्याची टिकटिक झाली होती. आवाज होताच, पण दुसऱ्या खोलीतल्या घड्याळासारखा.

ते वेटोळं बघून पुष्कळांना वाटतं, कंपनीने उगाच पाइप वाया घालवला. ते मुद्दाम असतं. ठोकळा रबरावर हलतो, मास्टर सिलिंडर हलत नाही, मधला पाइप लवला पाहिजे. सरळ पाइप लवत नाही, धक्का जसाच्या तसा पोचवतो, आणि कधीतरी नटाच्या गळ्याशी तडकतो. बुशांचंही तसंच. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसच्या वर, त्यात बॉनेटखालची गर्मी. पाच-सहा वर्षांत रबर चिवटपणा सोडून लाकडासारखं होतं. नखाने दाबून बघा, दबलं नाही तर बदला. मात्र त्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालू नका. मी असे दोन नमुने पाहिलेत. ट्यूब फार मऊ, ठोकळा जास्त डोलतो आणि सगळा ताण पाइपांवर येतो. ठोकळ्याभोवती चिंध्या किंवा फोम कोंबणं त्याहून वाईट. उंदरांना घर मिळतं, आणि सोयाबीनच्या हंगामात ते लगेच राहायला येतात.

ब्रेक ऑइलकडेही बघा. कोणत्या गाडीला डॉट ३ आणि कोणत्या गाडीला डॉट ४ हे टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेच घाला. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही हद्द १५५वर येते. दोन वर्षांत एकदा पूर्ण बदला, आणि रॅकवर झाकण सैल पडलेल्या बाटलीतलं घालू देऊ नका. गाडी आधीच कुठे उघडली गेली असेल आणि ठोकळ्यात हवा अडकली असेल, तर नुसतं पेडल मारून, कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल सोडून ती निघत नाही. एरवी बंद असणाऱ्या त्या दुसऱ्या व्हॉल्व्हच्या पलीकडे ती लपून बसते. स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवून मग हवा काढावी लागते. हवा राहिली की पंप वेगळाच घरघरतो आणि एबीएस एकदा लागून गेल्यावर पेडल मऊ होतं. पॅड बदलताना कॅलिपरचा पिस्टन मागे दाबतात तेव्हा निपल उघडून जुनं ऑइल बाहेर सोडायला सांगा. नाहीतर कॅलिपरमधला काळा गाळ उलटा ठोकळ्याकडे जातो, आणि आतली छिद्रं फार बारीक असतात. इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल चुकून टाकीत गेलं तर गाडी चालवूच नका, सगळी रबरं फुगतात.

मुरमावरचं एवढंच. बुश, पाइप, क्लिप, ऑइल बघून झालं की जो आवाज उरेल तो उरू द्या. ब्रेक मारल्यावर खटखट झाली म्हणून घाबरून पाय उचलू नका, दाबून ठेवा आणि स्टिअरिंग सांभाळा. आणखी एक, सुट्या गिट्टीवर एबीएसची गाडी थांबायला उलट जास्त जागा घेते. अडकलेलं चाक गिट्टीचा ढीग पुढे साचवून थांबतं, एबीएस तो ढीग होऊ देत नाही. तेव्हा अशा रस्त्यावर वेगच कमी ठेवा.

आता तुमच्या दुसऱ्या आवाजाकडे येतो, कारण मला काळजी त्याची वाटते. कोरडा डांबरी रस्ता, हलका ब्रेक, गाडी ताशी पाच-दहा किलोमीटरवर आलेली, आणि तेव्हा टकटक. तिथे चाक अडकायचं काही कारणच नाही. मग एबीएस का लागतं? त्याला खोटी खबर मिळते म्हणून. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. जुन्या जातीचा सेन्सर दातेरी चकतीसमोर बसतो आणि चाक जितकं हळू तितका त्याचा सिग्नल कमजोर. नव्या जातीत बेअरिंगच्या सीलवरच चुंबकाची कडी असते. चकती आणि सेन्सर यांच्यात गंज फुगला, कडी तडकली किंवा चुंबकावर डिस्कची लोखंडी धूळ चिकटली की कमी वेगात सिग्नल तुटतो. कॉम्प्युटर समजतो चाक अडकलं आणि त्या चाकाचा ब्रेक सोडतो. तेव्हा टकटक होते आणि गाडी हातभर जास्त पुढे सरकते. तुमचीही सरकत असेल, नीट लक्ष द्या. घराच्या फाटकाशी हे हातभर म्हणजे बंपरचं नुकसान, पण बैलबाजारात समोर माणूस असला तर काय होईल ते तुम्हीच बघा.

तुम्ही लिहिलंय की हे पावसाळ्यानंतर सुरू झालं. माझा संशय काळ्या मातीवर आहे. आपला काळा चिखल चाकाच्या आत चिकटतो आणि वाळला की सिमेंट. पऱ्हाटीच्या वावरातून काढलेल्या गाडीत सेन्सरच्या खोबणीत मी छिन्नीने फोडावे लागतील असे गोळे पाहिलेत. आधी चारही चाकं काढून पाण्याने स्वच्छ धुवा, पण धुण्याच्या मशीनचा फवारा सेन्सरच्या वायरच्या तोंडावर मारू नका. वायर उंदराने किंवा तुऱ्हाट्याने सोलली आहे का पाहा. सेन्सर काढून त्याच्या बैठकीखालचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासा. सेन्सर निघत नसेल तर हातोडी नको, गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा, तो मोडला की खर्च वाढतो. अलीकडे बेअरिंग बदललं असेल तर ते मला सांगा. चुंबकाची कडी असलेली बाजू सेन्सरकडे न येता उलटी बसवलेली बेअरिंगं माझ्याकडे तीन आली आहेत. टायरही पाहा. एकाच एक्सलवर दोन वेगवेगळ्या मापांचे टायर असले तरी कॉम्प्युटर गोंधळतो.

एबीएसचा दिवा लागला नाही म्हणून सेन्सर चांगला, असं समजू नका. सिग्नल पूर्ण तुटला तर दिवा लागतो आणि युनिट स्वतःला बंद करून घेतं. मेलेलं एबीएस खटखटत नाही. तुमचं खटखटतंय, म्हणजे युनिट जिवंत आहे. म्हणूनच ते बदलायचं कारण मला दिसत नाही.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. ज्याच्याकडे एबीएस वाचणारा स्कॅनर आहे त्याला शेजारी बसवा, मोकळ्या रस्त्यावर चाला. चारही चाकांचे वेग एका पडद्यावर घ्या. वीसपासून हळूहळू ब्रेक लावत शून्यावर या, असं पाच-सहा वेळा करा. तीन चाकं आठ, सात, सहा दाखवत उतरतील आणि एखादं सातवरून थेट शून्यावर पडेल. ते चाक गुन्हेगार. हे दहा मिनिटांचं काम आहे. ते न करता युनिट बदला म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका.

दोन-तीन आवाज मात्र या गडबडीत मिसळू देऊ नका. सकाळी गाडी काढली की पहिल्यांदा दहा-वीसच्या वेगात एकदा घर्र-टक होतं, ते युनिट स्वतःची तपासणी करतं, ते ठीक आहे. हलक्या ब्रेकला पेडल चाकाच्या फेऱ्यांच्या तालात वरखाली होत असेल, वेग जास्त तर थरथर जलद, तर डिस्क वाकडी आहे, एबीएसचा संबंध नाही. ब्रेक न लावता खड्ड्यात खडखड होत असेल तर पॅडची क्लिप किंवा लिंक रॉड पाहा. आणि चावी काढल्यावरही घर्र चालूच राहिली, तर पंपाच्या मोटारीला वीज देणारा स्विच, म्हणजे रिले, चिकटला आहे, बॅटरीचं टर्मिनल लगेच सोडा, नाहीतर सकाळी गाडी ढकलावी लागेल.

चाकं धुऊन, सेन्सर साफ करून आठवडाभर चालवा आणि कोणत्या चाकाचा आकडा पडतो ते मला कळवा. मागच्या उजव्या चाकाचा पडला तर आधी त्याची वायर मागच्या सीटखालून जाते तिथली जोडणी पाहा. तुमच्या भागातल्या गाड्यांत मला तिथे दोनदा हिरवा गंज सापडला आहे.